बुडापेस्टची चाचणी

युरोपात जायचं तर आधी येडशीला जावं लागतं, ही गोष्ट कुठल्याही टूरवाल्याच्या जाहिरातीत लिहिलेली नसते. ती मला अनुभवानं कळली, आणि ती कळेपर्यंत माझी जी शोभा झाली ती धाराशिवमध्ये अजून ताजी आहे. परवाच मंडईत एका अनोळखी बाईनं मला निरखून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, "हेच की ते, वारलेले." तेव्हा एकदा सगळं नीट सांगून टाकलेलं बरं.

आमची मुलगी राजनंदिनी, घरातली नंदू, बुडापेस्टला नोकरी करते. बुडापेस्ट ही हंगेरीची राजधानी. आमच्या गल्लीत मात्र ती रशियात असते असं पहिल्याच वर्षी सर्वांनी मिळून ठरवलं, आणि थोडे दिवस खुलासे करून मीही दमलो. तिला घरी येऊन तीन वर्षं झाली होती. श्रावणात एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, दसरा झाला की तुम्ही दोघं या. मला आठवडाभर रजा मिळालीय. त्यानंतर नवीन काम सुरू होतंय, मग दोन वर्षं मला हलता येणार नाही."

मग तिनं आठवड्याचा बेत सांगितला. टेकडीवरचा राजवाडा, तिथल्या पायऱ्या, साखळ्यांचा जुना पूल. संध्याकाळी डॅन्यूब नदीतून बोट, दोन्ही काठांवर दिवे लागतात ते पाण्यातून बघायचे. आणि शेवटी गरम पाण्याचे हौद. तिथं म्हणे जमिनीतूनच गरम पाणी येतं. उघड्यावर मोठाले हौद बांधलेत, आणि माणसं दिवसच्या दिवस त्यात बसून असतात. म्हातारे तर गळ्याइतक्या पाण्यात बुद्धिबळ खेळतात.

"मी तिथं एकटी जाते ना, तेव्हा सगळ्यांचे आईबाप बसलेले दिसतात," नंदू म्हणाली. "मला तुम्हा दोघांना घेऊन बसायचंय. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल."

हो म्हणायला मी तोंड उघडलं. पण मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, नेमकी माहिती घ्यायची सवय जात नाही. मी विचारलं, "खोली किती?"

"कशाची?"

"नदीची. आणि हौदाची पण."

शेजारी बसलेल्या मथुरेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि माझ्या हातातून फोन घेतला. "नंदे, माझं गुडघं लई दुखतेत गं. त्या पायऱ्या न्हाय व्हायच्या मला. राहू दे."

 मग नंदू हळूच म्हणाली, "गौरी जेवल्या की पक्कं सांगा. व्हिसाला वेळ लागतो."

आता इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. मला पाण्याची भीती वाटत नाही. मी पाण्याचा आदर करतो. उभी नोकरी मी पाण्यात काढली, म्हणजे पाण्याच्या फायलींत काढली. कुठल्या तलावात किती साठा, कालव्याच्या कुठल्या चारीला किती विसर्ग, हे मला तोंडपाठ होतं. धरणावर पाहणीला जायची वेळ आली की मी जीपमध्ये बसून नोंदी घ्यायचो, कारण कोणीतरी नोंदी घ्यायलाच हव्यात. म्हणून मथुरेनं नकार दिला तेव्हा माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं खरं, पण रात्री जेवताना नंदूचा तो हळू आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

तेव्हा मी ठरवलं की मथुरेच्या गुडघ्यांची चाचणी घ्यायची. आमच्या खात्यात कालवा बांधला की आधी थोडं पाणी सोडून बघतात, गळती कुठं आहे ते कळतं. तसंच बुडापेस्टला जे जे करायचं ते आधी आपल्या जिल्ह्यात करून बघायचं. पायऱ्या, मग बोट, मग हौद. गुडघे टिकले तर जायचं.

शेजारचे बब्रुवान सर निवृत्त मुख्याध्यापक. ते एकदा टूरबरोबर युरोपला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्या खंडाची जबाबदारी त्यांच्यावरच आहे. ते म्हणाले, "युरोपात बघण्यासारखं काही नाही. स्वच्छतागृह कुठं आहे तेवढं बघून ठेवायचं. आणि लोणचं न्यायचं." पलीकडच्या घरातले आयुबभाई, ज्यांचा मंडप आणि भांड्यांचा धंदा आहे, त्यांना मात्र कल्पना मनापासून पटली. "साहेब, लगीन आसू द्या न्हायतर लंडन, रंगीत तालीम पायजेच," ते म्हणाले. मी लंडन नाही म्हणून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तेच की."

पायऱ्यांसाठी येडशीचं रामलिंग ठरलं. देऊळ दरीत आहे, पायऱ्या उतरून जायचं आणि तेवढ्याच चढून यायचं. आयुबभाई आपला टेम्पो घेऊन आले. त्यांच्या घरून फरिदाबी आल्या, सर आले, आणि "युरोपची तालीम" म्हटल्यावर गल्लीतली आणखी काही मंडळी दशम्या-चटणी बांधून टेम्पोत आधीच बसलेली होती. पावसाळ्यामुळं खाली देवळाभोवतीचा ओढा भरून वाहत होता. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

मी म्हणालो, "तुम्ही सगळे उतरा. मी इथं चपला सांभाळतो. माकडं फार आहेत."

माकडं खरंच फार होती. त्यातल्या एकानं माझी टोपी नेली, दुसऱ्यानं दशम्यांची पिशवी, आणि तिसरं नुसतंच माझ्यासमोर बसून राहिलं. त्याच्या नजरेत मला अविश्वास दिसला. तासाभरानं मंडळी वर आली ती सर्वांत पुढं मथुरा. धाप नाही, काही नाही. हातात प्रसाद, पदराला ओढ्याचं पाणी.

"गुडघे?" मी विचारलं.

"बरंय की," ती म्हणाली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून जरा लंगडली.

पुढच्या आठवड्यात बोट. त्यासाठी माकणी गाठली. तिथल्या धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, काठाला मासेमारी करणारा धुळाप्पा आपली होडी घेऊन तयार. पण काठावर एक फलक होता: "जलाशयात नौकाविहारास सक्त मनाई आहे. आदेशावरून." फलकाचा मजकूर मला फार आवडला. जोमदार होता, शुद्ध होता. मग लक्षात आलं की तो मीच लिहिला होता, नोकरीत असताना, माझ्याच टेबलावर.

तिथं ड्यूटीवर व्यंकट होता. एके काळी माझ्या हाताखाली होता, आता मिशीला कलप लावतो. त्यानं मला ओळखून खुर्ची दिली, चहा मागवला. "साहेब, कोळ्याच्या होडीला मासेमारीचा परवाना हाय. तुम्ही काठाकाठानं जरा बसून या. मी काय बघितलंच न्हाय."

कोणीही आनंदानं होकार दिला असता. मी उभा राहिलो. मी व्यंकटला नियमाचं महत्त्व सांगितलं. एकाला सूट दिली की दुसरा मागतो, आणि मग फलकाला काय अर्थ राहतो, हे सांगितलं. माझा आवाज चढला, धुळाप्पा होडीतून उतरून ऐकायला आला. व्यंकटच्या डोळ्यांत तर आदरानं पाणी तरळलं. बोलताना मी दोन्ही हातांनी फलकाचा खांब धरला होता, हे मला नंतर कळलं.

परतताना टेम्पोत मथुरा माझ्या हातांकडं बघत होती. घर आल्यावर म्हणाली, "आज पुन्हा दुखायला लागलं बगा गुडघं. कळवून टाका नंदूला."

"हौद राहिलाय अजून," मी म्हणालो. का म्हणालो ते मलाही ठाऊक नाही. गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या.

हौदाची सगळी जबाबदारी आयुबभाईंनी घेतली. आमच्या दोन घरांच्या मधे मोकळी जागा आहे. तिथं त्यांनी लोखंडी पाइपांचा चौकोन उभा केला, आत जाड ताडपत्री अंथरली आणि शेततळ्यासारखं तळं तयार केलं. हौदाचं गल्लीला सांगितलं नव्हतं, आणि दिसू नये म्हणून चारी बाजूंनी पांढऱ्या कनाती लावल्या. लग्नाच्या रंगीत कनाती तुळजापूरला एका कार्यात गेल्या होत्या, त्यामुळं पांढऱ्या. मग दारासमोर तीन दगडांच्या चुली मांडून त्यावर देगा चढवल्या आणि सकाळी सकाळी पाणी तापत ठेवलं. फरिदाबींनी मथुरेसाठी काळ्या कापडाचा मनगटापासून घोट्यापर्यंतचा पोशाख शिवला. माझ्यासाठी मी स्वतः पोहण्याची चड्डी आणली. दुकानात माझ्या मापाची एकच होती. तिच्यावर पिवळे मासे होते.

ती घालून, वर टॉवेल गुंडाळून मी कनातीच्या आत तळ्याच्या काठावर उभा होतो. पाण्यातून वाफ येत होती. आत बसलो तर पाणी माझ्या छातीला आलं असतं. मी मनातल्या मनात साठा काढत होतो. तेवढ्यात बाहेर बायकांचा रडण्याचा आवाज आला.

पहिल्यांदा मला वाटलं, गल्लीत कोणीतरी गेलं. गल्लीलाही तेच वाटलं होतं. दारात चुलीवर पाणी तापतंय, पांढरी कनात लागलीय, आणि त्या घरचा कर्ता माणूस सकाळपासून कुणाला दिसलेला नाही. आपल्याकडं एवढं पाहिल्यावर कोणी विचारायला जात नाही. विचारणं वाईट दिसतं. टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि जाऊन उभं राहायचं.

गल्लीत कोणी गेलं की पुढाकार बब्रुवान सरांचा. त्यांनी ताबडतोब बांबू आणायला माणूस पाठवला आणि गल्लीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. फोटो कुणाच्या तरी बारशातला होता, त्यात माझ्या गालाला दुसऱ्या कुणाचा तरी कान चिकटलेला होता. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मथुरा पोशाख घालून बघायला फरिदाबींच्या घरात, आणि आयुबभाई नेमके आणखी लाकडं आणायला वखारीत गेलेले. त्यांना वाटेत भेटलेल्यांनी हातगाडीवर लाकडं पाहिली आणि उरलीसुरली शंकाही फिटली.

मी कनात बाजूला सारून बाहेर डोकावलो, तेव्हा सर बोलायला उभे होते. "कडक शिस्तीचा, नियमाला जागणारा माणूस," ते म्हणत होते. "परवाच माकणीला..." आणि त्यांनी मला पाहिलं.

अंगावर चड्डी, चड्डीवर पिवळे मासे. टॉवेल गडबडीत आतच राहिला होता. बायकांचं रडणं अर्ध्यावर थांबलं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले.

"चालू द्या," मी म्हणालो. खरं सांगतो, मला ते भाषण पूर्ण ऐकायचं होतं. पण सरांनी कागद खिशात घातला आणि ते माझ्यावरच रागावले. "साहेब, जिवंत होता तर सांगायचं तरी. बांबूचे पैसे कोण देणार?" एवढ्या वर्षांचा शेजार, आणि माझ्यावरचं भाषण अवघ्या पाऊण पानाचं निघालं. तो सल अजून आहे.

मग धूळ उडवत अणदूरहून एक जीप आली; तो फोटो तिथवर गेला होता. मथुरेचा भाऊ बलभीम आणि त्याच्यामागं सगळं भावकीचं माणूस. त्यानं उतरतानाच हंबरडा फोडला होता, तो मला बघून त्याच्या घशातच अडकला. "दाजी, तुमी हाईत की," एवढंच तो म्हणाला आणि मला मिठी मारून पुन्हा रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.  आपल्यासाठी एवढी माणसं रडतात हे सहसा माणसाला बघायला मिळत नाही.

या सगळ्यात मथुरेचा फोन वाजत होता. नंदूला गल्लीच्या ग्रुपात मीच घातलं होतं, इथली खबर कळावी म्हणून.

मथुरेनं फोन माझ्यासमोर धरला. तिकडं पहाट होती. नंदूचं तोंड रडून सुजलेलं होतं. तिनं मला दोनदा नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी बॅग भरत होते." थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "राहू दे. तुम्ही नका येऊ. आईचे गुडघे दुखतात, तुम्हाला उगीच धावपळ. मी तिकिटांचं सोडून देते. बघू दोन वर्षांनी."

मी मथुरेकडं पाहिलं. ती मला कनातीच्या आत घेऊन गेली आणि फोन छातीशी दाबून हळू आवाजात बोलली.

"माझ्या गुडघ्याला काय बी झालं न्हाय."

"मग?"

"नंदूनं बोट म्हणलं, हौद म्हणलं, तवा तुमचं तोंड बघितलं म्या. तुमी न्हाय म्हणला असता तर पोरीपुढं तुमचं हसं झालं असतं. व्हय म्हणला असता तर रोज रात्री झोप उडाली असती. म्हणून गुडघं पुढं केलं." ती जरा थांबली. "रामलिंगला चपला सांभाळल्या, माकणीला खांब धरला. मला काय कळत न्हाय व्हय? पण पोरीला बघायचंय वो मला."

 इतकी वर्षं मी पाण्याचा आदर करतोय असं समजून चाललो होतो, आणि ही बाई इतकी वर्षं माझा.

तेवढ्यात बलभीमनं कनातीतून डोकं आत घातलं. "दाजी, जरा अडचण हाय. मयताला म्हणून निघालो व्हतो. आता आंघोळ केल्याबिगर आमाला घरात कोण घेणार न्हाय."

"पण मयत झालंच नाही ना," मी म्हणालो.

"ते खरं हाय. पण निघालो तर व्हतो."

 सर म्हणाले शास्त्रात अशा प्रसंगाचा उल्लेख नाही, तेव्हा आंघोळ केलेली बरी. आयुबभाई लाकडं घेऊन परतले होते, त्यांनी चुली पेटत्या ठेवल्या. आणि बघता बघता अणदूरची सगळी भावकी चड्ड्यांवर त्या तळ्यात उतरली. मागोमाग गल्लीतली माणसं उतरली. सर धोतर सावरून एका कोपऱ्यात बसले. पाच मिनिटांत कोणाला आपण कशाला आलो होतो याची आठवण उरली नाही. सोयाबीनचा भाव निघाला, कुणाच्या तरी पोराची सोयरीक निघाली. आयुबभाई वरून देगेतलं गरम पाणी सोडत होते आणि प्रत्येक वेळी सगळे मिळून हा... करत होते.

फोन मथुरेच्या हातात चालूच होता. नंदू बघत होती. "आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता, "इथं अगदी असंच असतं गं."

मी काठावर उभा होतो. बलभीमनं पाण्यातून हात पुढं केला. "या की दाजी. म्या धरतो."

मी एक पाय आत टाकला. मग दुसरा. पाणी पोटरीला आलं, गुडघ्याला आलं, मी बसायला लागलो तसे मासे बुडाले. छातीपर्यंत आलं तेव्हा मी बलभीमचा दंड इतका घट्ट धरला होता की त्याच्यावरचा वळ गौरी जेवून गेल्या तरी होता. पण मी बसून राहिलो. पाणी गरम होतं. सर्वांनी सरकून मला जागा दिली.

"नंदू," मी पाण्यातूनच ओरडलो, "तिकिटं काढ."

त्या दिवशी एवढ्या लांबून आलेल्यांना उपाशी कसं धाडायचं म्हणून रिकाम्या देगांत खिचडी शिजली. दुपारनंतर कनाती बंद करून बायकांचा नंबर लागला. फरिदाबी आणि मथुरा शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आणलेले बांबू आयुबभाईंनी मंडपाला वापरले. ग्रुपवरची श्रद्धांजली सरांनी पुसली, पण खाली "फार वाईट झालं" असं लिहिणारे अजून अधूनमधून उगवतात.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो. राजवाडा पाहिला, मथुरा पायऱ्या भराभर चढली आणि मी मागून आलो. बोटीत मी मधल्या बाकावर बसलो, नंदूचा हात एका बाजूला आणि मथुरेचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही काठांवर दिवे लागले तेव्हा मी डोळे उघडे ठेवले होते.

शेवटच्या दिवशी हौद. पिवळ्या भिंती, उघडं आभाळ, पाण्यावर वाफ. दोन म्हातारे गळ्याइतक्या पाण्यात बुद्धिबळ खेळत होते आणि तिसरा त्यांना चुकीच्या चाली सांगत होता, तो मला सरांसारखा वाटला. नंदू आणि मथुरा उतरून थेट पलीकडच्या कडेला जाऊन बसल्या. मी काठावर थांबलो. आमच्या तिघांच्या चपला तिथं ओळीनं ठेवलेल्या होत्या.

मथुरेनं पलीकडून मला पाहिलं. फरिदाबींनी शिवलेल्या काळ्या पोशाखात ती पाण्यात अगदी घरच्यासारखी बसली होती. तिनं नंदूच्या शेजारी थोडी जागा केली.

"अहो, या की," ती म्हणाली. "इथं चपला कोणी नेत न्हाय."

मी चपलांकडं एकदा पाहिलं आणि पाण्यात उतरलो.